चढाकडे तोंड करून

थंडी आली हे माझ्या उजव्या पोटरीला माझ्याआधी कळतं. मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी डोळे उघडायच्या आत ती आतून आखडते, आपण आहोत असं सांगते, आणि मी पांघरुणातच पंजा वर, नाकाच्या दिशेने ओढून घेते. मग बाकीची मी जागी होते. खिडकीबाहेर धूर असतो, गेल्या सालच्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, हलका आणि थोडा गोडसर. मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन कोणीतरी आरोळी देत जातं. बागाईत आता मोटारीच्या पंपावर भिजते, त्यामुळे पहाटे मोटेच्या चाकाचा जो एक लांबलचक करकर आवाज वाशिमच्या कडेकडेने यायचा तो येत नाही. तरी मी कान देऊन पडते.

यंदा ही थंडी आली आणि त्याच आठवड्यात माझ्या नातीने, मीराने, तिकडून फोटो पाठवला. एक लाकडी फळी, एका बाजूने उचललेली, तिला खाचा. खाली लिहिलं होतं, आजी, पळताना माझी पोटरी भरून येते म्हणून मला यावर उभं राहायला सांगितलंय. हे काय असतं ते तुला ठाऊक नसेल. तिच्या भावाने, ईशानने, त्यात भर घातली होती की मीरा त्या फळीवर उभी राहून दात घासते.

मला ठाऊक नसेल! मी चष्मा काढून हसले. मुलांनो, त्या फळीची थोरली बहीण मी अंगावर वागवली आहे. पन्नास-साठ वर्षं उलटली, पण त्या एका हिवाळ्याचा वास अजून मला ओळीने सांगता येतो: तिळाचं गरम तेल, त्यात चुरचुरलेला ओवा, तव्यावर तापलेली वाळू, आणि मोटेचं ओलं कातडं.

त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. वाशिमच्या शाळेत बाबा इंग्रजी शिकवत, आणि मुलांच्या शाळेत शिकवतात तेच घरी मला शिकवत. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर आत्याच्या हाती होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिच्या स्वयंपाकघरात चिमटासुद्धा रोज एकाच खिळ्यावर टांगलेला असे. माझ्यात जी काही शिस्त आहे ती तिचीच.

आषाढात मला विषमज्वर झाला. तो ताप फार लांबला. बाहेर पावसाची झड, घरात ओल, आणि मी हुडहुडत होते म्हणून आत्याने एकावर एक गोधड्या घातल्या. जुन्या लुगड्यांच्या, जाड, भिजल्यासारख्या जड. मी उताणी पडलेली. त्या ओझ्याखाली माझे दोन्ही पंजे खाली वाकलेले राहिले आणि पोटऱ्या हळूहळू आखडत गेल्या. हे कोणाच्या लक्षात येणार? सगळ्या घराचं लक्ष माझ्या कपाळाकडे होतं.

नवरात्रात मी उठले. भिंतीला धरून उभी राहिले तेव्हा दोन्ही टाचा जमिनीला लागेनात. डावी चालता चालता काही दिवसांत खाली आली. उजवी मात्र अधांतरीच. मी उजवा पाय चवड्यावर टाकत चाले. भाजी चिरायला उकिडवी बसले की मागे कलंडे. तुम्हाला खुर्चीवर बसून उकिडवं बसण्याची किंमत कळायची नाही. त्या काळी चूल, धुणं, भांडी, पंगत, अगदी परसाकडेसुद्धा, सगळं आयुष्य उकिडवं होतं. टाच टेकत नाही म्हणजे मुलीला घरात कुठेच नीट बसता येत नाही.

आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे माळ्यांचा मळा होता. तिथली शेवंता माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिने मला पहिल्याच दिवशी चालताना पाहिलं आणि लगेच बारसं केलं. “आली वं बगळी,” ती म्हणाली. मला राग आला नाही. बाकी सगळे मला पाहून हळू आवाजात बोलत. ही एकटीच नेहमीच्या आवाजात बोलली.

दिवाळीच्या आधी बाबा मला आगगाडीने अकोल्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर उंच, कमी बोलणारे. त्यांनी माझा पंजा हातात घेऊन वर दाबला, पोटरी चाचपली आणि म्हणाले की हाड ठीक आहे, स्नायू आखडलाय, तो ताणून लांब करायला हवा. तेलाने चोळा, शेका. एक उतरती फळी करून घ्या, तिच्यावर रोज उभी करा. शिमगा झाला की परत आणा. तोवर टाच टेकली तर उत्तम, नाही तर टाचेमागची शीर कापून लांब करावी लागेल आणि पाय बरेच महिने प्लास्टरमध्ये राहील. बाबा आणखी काही विचारणार इतक्यात बैलगाडीखाली सापडलेल्या एका माणसाला चौघांनी उचलून आत आणलं, आणि आमची भेट तिथेच संपली.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. जूनपासून मला अमरावतीला मुलींच्या शाळेत, वसतिगृहात ठेवायचं असं आमचं ठरलं होतं. चैत्रात त्याची परीक्षा. खिडकीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, “प्लास्टर झालं तर हे वर्ष जाईल. मग पुढचं पुढे बघू.”

माझ्या मावसबहिणीच्या शाळेबद्दलही तिच्या घरी असंच ‘पुढचं पुढे बघू’ म्हटलं गेलं होतं. तिच्या लग्नात मी नवा परकर घालून मिरवले होते. म्हणून बाबांचं ते वाक्य मी गाडीत पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आणि मला नक्की कळलं की माझी अमरावती आता माझ्या टाचेखाली आहे. टाच शिमग्यापर्यंत तिथवर पोचली तरच.

फळी करायला बाबांनी करीमचाचांना बोलावलं. करीमचाचा म्हणजे गावातले नावाजलेले सुतार. बैलबंड्यांच्या चाकांपासून पाळण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. बाबांनी सांगितलं की उतरती फळी हवी, पोरीला उभं राहायला. चाचांनी मला ओसरीवर उभं केलं. स्वतः गुडघ्यावर बसले, मग गाल जमिनीला टेकवून माझ्या टाचेखालच्या फटीतून पलीकडचा उजेड पाहिला. एक ढलपी घेतली, फटीत घालून पाहिली, तासली, पुन्हा घातली. ढलपी अगदी बरोबर बसली तेव्हा ती त्यांनी कानामागे खोचली आणि गेले.

फळी आली ती बघत राहावी अशी. सागवानी, गुळगुळीत. एक बाजू उंच, दुसरी जमिनीलगत. उंच बाजूला त्यांनी टाचेसाठी एक गोल खळगा कोरला होता. मी उभी राहिले. उंच बाजूच्या खळग्यात टाच विसावली, चवडे खाली उतरले. कित्येक महिन्यांनी माझं अख्खं पाऊल कशावर तरी टेकलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी चाचांची पाठ थोपटली. पाडव्याला आत्याने दौत-लेखणीशेजारी त्या फळीलाही हळदकुंकू वाहिलं.

मीरा, तुझ्या फोटोतली फळी पुन्हा नीट बघ, म्हणजे मी काय सांगतेय ते तुझ्या ध्यानात येईल. आमच्या मात्र आलं नाही. टाच अधांतरी आहे ना, मग तिच्याखाली आधार द्यायचा. त्या घरातल्या प्रत्येक प्रेमळ माणसाला एवढंच सुचत होतं.

मग रोज सकाळी तेल. आत्या लोखंडी पळीत तीळतेल कडकडवी, ओवा टाकी, कोमट झालं की गुडघ्याकडून टाचेकडे अंगठ्याने लांब रेघा ओढी. त्यानंतर गरम वाळूच्या पुरचुंडीचा शेक. आणि मग मी फळीवर, हातात इंग्रजीचं पुस्तक. बाबा शाळेत जायच्या आधी क्रियापदांची रूपं म्हणून घेत आणि गेल्यावर ते काम आत्याकडे येई. आत्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण चाल पाठ झाली होती. मी म्हणे, गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. ती पोळी लाटता लाटता म्हणे, “मधलं एक सोडलंस. त्यात ‘ब’ आहे.” आणि खरंच मी ब्रिंग सोडलेलं असे.

फळीवर दुखत नसे. उलट इतकं बरं वाटे की मी तिच्यावरून उतरायला नाखूश असे. आत्याने वेळ वाढवला. सकाळबरोबर संध्याकाळही सुरू झाली. बाबा दर रविवारी मला फरशीवर उभं करून टाचेखाली बोटं घालून पाहत. मग बोटं काढून घेत. पौष जवळ आला. तुरी भरल्या, कापूस घरोघर येऊन पडला, आणि माझी टाच होती तिथेच होती.

दुपारी मी शेवंताच्या मळ्यात जाऊन बसे. त्यांची विहीर मोठी होती. विहिरीच्या काठावरून मळ्याकडे एक लांब उतार खणलेला असतो, त्याला धाव म्हणतात. बैल मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, ओढत तो उतार उतरत, तशी पाण्याने भरलेली कातडी मोट वर येऊन थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडीत, भळाभळा रिकामी होई. मग बैल पाठमोरे पावलं टाकत उतार चढत. शेवंताचे वडील गणुकाका उतरताना नाड्यावर बसत आणि गात. सकाळपासून हे चाले. पाणी पाटाने वांग्यांच्या, मेथीच्या, कांद्याच्या वाफ्यांत जाई. भर दुपारी बैल सोडले की धाव रिकामी राही, पायांनी तुडवून तुडवून टणक झालेली, उन्हाने कोमट.

एका दुपारी शेवंताने खाली लिंबाखालून मला हाक मारली. बोरं आणली होती. मी विहिरीच्या काठावर होते, धावेवरून उतरू लागले. आणि मला जाणवलं की मी लंगडत नाहीये. पाऊल पुरं टेकतंय. उतार मला अलगद खाली नेत होता, पायाला कुठे ओढ नाही, दुखणं नाही. मी मध्येच थांबले. हे सुख माझ्या ओळखीचं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ क्रियापदं म्हणताना मी याच सुखावर उभी असते.

मी खाली पाहिलं. टाच उंचावर, चवडे उतारावर. फळीवर मी अशीच उभी राहते. म्हणजे गेले कित्येक आठवडे मी एकाच जागी उभी राहून उतार उतरत होते.

मग मी वळले. विहिरीकडे, चढाकडे तोंड केलं आणि उजवा पाय पुढे टाकून टाच मातीला लावायचा प्रयत्न केला. पोटरीत कोणीतरी दोरी घट्ट ओढावी तशी कळ आली, गुडघ्याच्या मागून थेट टाचेपर्यंत. मी दात आवळले आणि तिथेच उभी राहिले. ज्या स्नायूला सगळे तेल लावून कुरवाळत होते त्याला पहिल्यांदा कोणीतरी काम सांगितलं होतं.

खालून शेवंता पाहत होती. बोरं ओच्यात धरून ती धावेवर आली. “काहून वं बगळे, रडून राह्यली काय?”

“रडून नाही राह्यली,” मी म्हटलं. “ताणून राह्यली.”

“इतं कायले? खाली ये ना, तिकडं सोपं हाये.”

“सोपं हाये म्हणूनच खाली नाही येत.”

तिला कळलं नाही, पण ती माझ्याशेजारी चढाकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “अव्वा, मह्याबी पिंढरीत भरून आलं.” मग आम्ही दोघी तिथे उभ्या, तोंडात बोरं, समोर विहिरीचा काठ आणि त्यावर पडलेली रिकामी मोट. गणुकाका जेवण आटोपून आले, आम्हाला पाहिलं आणि बैलांना म्हणाले की बाबाहो, जरा थांबा, आज पोरीईची पाळी हाये.

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी पाटी घेतली, एक त्रिकोण काढला, त्यावर एक पाऊल काढलं. मग त्याच त्रिकोणावर उलट तोंडाचं दुसरं पाऊल काढलं. त्यांनी दोन्ही पावलं बोटाने ताडून पाहिली. शेवटी म्हणाले की डॉक्टर उतार म्हणाले होते, टाच कुठल्या अंगाला ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. आत्या फळीजवळ बसली, खळग्यावरून हात फिरवला आणि हसायला लागली. आत्या हसली की आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. “म्हणजे इतके दिवस आपण हिच्या पायाला अंगाई म्हणत होतो,” ती म्हणाली.

करीमचाचांना बोलावणं गेलं. त्यांनी पाटी पाहिली, फळी पाहिली, माझा पाय पाहिला. मग डोक्याला हात लावून मटकन ओसरीवर बसले. “बाई, मी त टाचेले घरच बांधून देल्लं,” ते म्हणाले. “असं आरामाचं घर सोडून ते कायले खाली उतरंन?”

त्यांनी तिथेच खळगा रंध्याने सपाट केला. फळी उलटी फिरवली; आता उंच बाजूला चवडे, खाली टाच. टाच घसरू नये म्हणून खालच्या कडेला आडवी पट्टी ठोकली. आणि उंची कमी-जास्त करता यावी म्हणून उंच बाजूच्या टेकूला खुंटीच्या तीन खाचा पाडल्या. पहिली खाच जवळजवळ सपाट, तिसरी धावेच्या चढासारखी. “हे दुश्मन फळी हाये आता,” जाताना ते मला बजावून गेले. “हिच्याशी हळू लढजो, बेटा.”

मी हळू लढले नाही. तुम्ही धावणारी माणसं ही चूक हमखास करता, म्हणून सांगते. पहिल्याच आठवड्यात मी तिसरी खाच लावली आणि वर खाली झोके घेत टाच दणादण आपटायचा प्रयत्न केला. पोटरी सुजली, हात लावू देईना. आत्याने टेकूची खुंटी काढून कमरेच्या ओच्यात खोचली आणि सूज उतरेपर्यंत दिली नाही. त्यानंतर तिने सगळं आपल्या पद्धतीने बसवलं. आधी शेक, मग ताण. थंड पोटरीला हात लावायचा नाही. झोके घ्यायचे नाहीत. ताण आला की तिथेच थांबायचं, श्वास चालू ठेवायचा आणि क्रियापदांचा एक घोळका म्हणून होईपर्यंत हलायचं नाही. पंजा सरळ समोर, बाहेर वळवायचा नाही, कारण पाय लबाड असतो, वळला की ताण चुकवतो. गुडघा सरळ ठेवला की ताण वर, पोटरीच्या गोळ्यात लागतो. तोच थोडा वाकवला की खाली, टाचेच्या जवळ. दोन्ही करायचे.

फळी एक झाली. दुसरं हत्यार म्हणजे जुन्या लुगड्याची पट्टी. सतरंजीवर पाय पसरून बसायचं, पट्टी चवड्याखालून घ्यायची, दोन्ही टोकं हातात, आणि वल्ही मारावीत तसं आपल्याकडे ओढायचं. तिसरी भिंत. दोन्ही तळवे भिंतीला, डावा पाय पुढे, उजवा मागे, टाच जमिनीकडे दाबत भिंत ढकलायची. बाबा म्हणत, घर चार बोटं सरकलं बघ. आणि चौथी, सगळ्यांत मोठी, गणुकाकांची धाव. रोज दुपारी बैल सुटले की मी आणि शेवंता विहिरीकडे तोंड करून चढत असू, टाच टेकवत, पाऊल मोजूनमापून. उतरताना शेवंता मला हाताला धरून कडेच्या पायवाटेने आणी. उतार पाहिला की ती डोळे वटारून म्हणे, “तिकडं नाही. तिकडं तुह्या पायाचा मामा राह्यतो, लाडावून ठेवंन.”

संक्रांतीला तीळ अंगाला लावून झाले. हुरड्याचे दिवस आले, शेतात शेणकुटांच्या आरावर, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर, कणसं भाजली जाऊ लागली. सगळे आरभोवती उकिडवे बसले. मीही बसले, लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून. मागे कलंडले नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, मीही सांगितलं नाही, कारण पाठीला झाड होतं आणि खोटा विजय मला नको होता.

कधी कधी माझा धीर सुटे. रविवारी बाबांचं एकच बोट फटीत जायला लागलं, पण ते एक बोट जातच राही. माघ सरत आला. परीक्षेचा अभ्यास आणि पाय दोन्ही एका दमात चालले होते. आजही मला एखादं अनियमित क्रियापद आठवलं की उजवी पोटरी ताठ होते. एका संध्याकाळी मी फळीवरून उतरून म्हटलं की आत्या, नाही होणार हे, कापू देत. आत्या कंदिलाची काच पुसत होती. तिने काच खाली ठेवली नाही, वर पाहिलंही नाही. मला ती म्हणाली, “मला कोणी विचारलं असतं ना, शिकतेस का म्हणून, तर मी या फळीवर म्हातारी होईपर्यंत उभी राहिले असते.” मग काच उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा पुसायला लागली. मी परत फळीवर चढले. त्या दिवसापासून तिसरी खाच.

शिमग्याच्या आधी आत्या अंगण सारवत होती. अर्धं झालं होतं, ओलं, हिरवट, चकचकीत. मी दुरून वळसा घालून जाणार तोच तिने हाक मारली आणि म्हणाली की सरळ ये, सारवणावरून. ओल्या सारवणावर पाय टाकला तर या बाईच्या घरी जेवायला मिळायचं नाही, आणि ही मला बोलावत होती. मी चालत गेले. पलीकडे पोचल्यावर तिने मला मागे वळून पाहायला सांगितलं. डावं, उजवं, डावं, उजवं. प्रत्येक उजव्या पावलाच्या मागे एक अर्धगोल, फिकट, पण होता. आत्याने ते अंगण तसंच वाळू दिलं. शेजारणींनी विचारलं तर म्हणाली की राहू दे, यंदा असंच.

माझ्या आयुष्यात पुढे मला बरंच काही मिळालं. शाळा मिळाली, शाळेतली खुर्ची मिळाली, तुमचे आजोबा, तुमची आई. गर्दीसमोर सत्कारही झाले. पण विजय म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून ते सारवलेलं अंगण येतं आणि त्याच्यावर उमटलेल्या माझ्याच टाचा. माझ्या शाळेतल्या मुलींना मी पुढे कित्येक वर्षं सकाळच्या कवायतीत भिंत ढकलायला लावली. त्या हसायच्या. मी हसू देत असे.

मीरा, ईशान, तुमच्याकडे आता त्या ताणासाठी रबरी पट्टे आहेत, लाटण्यासारखे रूळ आहेत, मऊ चटया आहेत. सगळं वापरा. फळीवर उभं राहून दात घासायलाही माझी हरकत नाही. एवढंच करा, की उभं राहिल्यावर क्षणभर खाली पाहा आणि आपण चढतोय की उतरतोय ते स्वतः ठरवा. फळी विकणाऱ्यावर किंवा माया करणाऱ्यावर ते सोपवू नका.

शिमगा झाला आणि आम्ही अकोल्याला गेलो. पळस फुलले होते, गाडीच्या दोन्ही बाजूंना नुसती आग. बाबांनी धोतर बदललं होतं, नवं नेसले होते. मी सारखी पंजा वर ओढत होते. समोर बसलेल्या एका आजींनी मला विचारलं की पोरी, पायात मुंग्या आल्यात काय.

डॉक्टरांच्या खोलीत मला उभं केलं. मी टाच टेकवली. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले की बरीच मुलं अंग मागे टाकून टाच टेकल्यासारखी दाखवतात. माझा गुडघा त्यांनी हाताने सरळ केला, खांदे पुढे आणले. “उचल पाय,” ते म्हणाले. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, टाचेच्या जागी जमिनीवर सरकवला. “आता टेक.”

मी टेकवली. ते खाली वाकले, कागदाचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. कागद हलला नाही. त्यांनी जोर लावला. चर्र आवाज झाला आणि अर्धा कागद त्यांच्या हातात आला.

डॉक्टर हातातल्या तुकड्याकडे पाहत होते. बाबांनी विचारलं, “जूनपासून हिला अमरावतीला पाठवायची आहे. पाठवू ना?”

डॉक्टर उभे राहिले. “पाठवा की,” ते म्हणाले. “आधी तिला माझा उरलेला कागद सोडायला सांगा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच पाय उचलला नाही.